विझलेल्या कचराभट्टीचे क्रेडिट : एका खरेदीदाराचा अभिप्राय

मी ज्या मालाविषयी लिहायला बसलो आहे तो एका पानाचा असतो आणि त्याची किंमत कधी गाडीएवढी, तर कधी घराएवढी असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलिस आणि आसपासच्या प्रदेशातील हवेची जबाबदारी असलेले साउथ कोस्ट एअर क्वालिटी मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट हे मंडळ तो कागद देते. त्याचे पूर्ण नाव एमिशन रिडक्शन क्रेडिट. परवान्यांच्या धंद्यातले आम्ही सगळे त्याला ईआरसी म्हणतो. एखाद्या कारखान्याने आपले धुराडे बंद केले किंवा कायद्याने सांगितले त्याहून अधिक स्वच्छ केले, तर हवेत जायचे थांबलेले प्रदूषण मोजून त्याच्या नावावर जमा होते, आणि त्याच हवेत नवे धुराडे उभारू पाहणाऱ्याला ते विकत घेऊन मंडळाकडे जमा करावे लागते. गेली अकरा वर्षे मी अशिलांसाठी हे कागद शोधतो, तपासतो आणि विकत घेतो. या मालाचे प्रकार पुष्कळ आहेत. येथे मी शहराची कचराभट्टी बंद करून किंवा बदलून तयार होणाऱ्या क्रेडिटापुरतेच लिहिणार आहे.

त्याला निमित्त पुण्याहून आलेल्या एका फोनचे. माझा मावसभाऊ घनकचऱ्याच्या कामांत सल्लागार आहे. त्याने मध्यंतरी फोन करून विचारले, “दादा, तिकडे कचराभट्टी बंद केली की पैसे मिळतात म्हणे. मग आपल्याकडे का नाही?” फोनवर मी जे अर्धवट सांगितले ते नीट लिहून काढावे, म्हणून हा अभिप्राय.

मुंबई-पुण्यात राहिलेल्या माणसाला ही वस्तू समजावण्याचा सर्वांत सोपा मार्ग टीडीआरचा आहे. आपल्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क सोडायचा, त्याचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि ते दुसऱ्या बिल्डरला विकायचे. ईआरसीचा व्यवहार हुबेहूब तसाच चालतो, फक्त चौरस मीटरच्या जागी प्रदूषणाच्या वजनाचे पाउंड येतात. साम्य इथेच थांबत नाही. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहर बेटावर निर्माण झालेला टीडीआर बेटावर वापरता येत नसे, तो उत्तरेकडे उपनगरांत न्यावा लागे. साउथ कोस्टमध्येही किनाऱ्याचा पट्टा आणि आतला पट्टा असे दोन भाग आहेत: किनाऱ्यावरचे क्रेडिट आत चालते, पण आतले क्रेडिट किनाऱ्यावर चालत नाही. मुंबईत त्यामागे गर्दीचे कारण होते, इथे वाऱ्याचे आहे. दिवसा समुद्रावरून येणारा वारा किनाऱ्यावरचा धूर डोंगरांकडे ढकलतो, तेव्हा किनाऱ्यावरचे धुराडे थांबले तर आतल्या गावांना उपयोग होतो. उलट दिशेने तो उपयोग फारसा होत नाही.

या मालाला गिऱ्हाईक मिळते ते केवळ कायद्यामुळे. अमेरिकेचा आजचा हवा-कायदा १९७०चा. ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकाला उतरत नव्हती तेथे नवा उद्योग काढूच द्यायचा नाही काय, असा पेच काही वर्षांतच उभा राहिला. १९७६ मध्ये संघीय पर्यावरण संस्थेने तोड काढली, की नवा उद्योग यावा, मात्र त्याने आपल्या प्रदूषणापेक्षा जास्त प्रदूषण दुसरीकडे कमी करून दाखवावे. १९७७च्या दुरुस्तीने ही तोड कायद्यात गेली आणि १९९०च्या दुरुस्तीने तिला पायऱ्या लावल्या. ओझोनच्या बाबतीत सर्वांत सौम्य वर्गातील शहरात १ टनाच्या बदल्यात १.१ टन द्यावे लागतात आणि सर्वांत वाईट वर्गात दीड टन. त्या वाईट वर्गातही सर्व जुन्या मोठ्या कारखान्यांना प्रदूषण रोखणारी उत्तम यंत्रणा सक्तीची केलेली असेल तर १.२ वर भागते. लॉस एंजेलिस याच सर्वांत वाईट वर्गात असून येथे १.२ चालतो. या वर्गात ओझोन घडवणाऱ्या वायूंपैकी नायट्रोजन ऑक्साइड वर्षाला १० टन सोडणारा कारखानाही ‘मोठा’ ठरतो. ही पायरी इतकी खाली असल्यामुळेच बाजार जिवंत राहिला आहे.

आता मालाच्या प्रतीकडे वळतो. क्रेडिट मिळण्यासाठी कपात खरी, कायमची, मोजता येणारी, कायद्याने बांधून घेता येणारी आणि मुख्य म्हणजे वरकड असावी लागते. वरकड म्हणजे कायद्याने जी कपात करायलाच लावली आहे तिच्या पलीकडची. कचराभट्ट्यांचा सगळा इतिहास या एका शब्दापाशी अडतो. लॉस एंजेलिस परगण्यात एके काळी घरोघरी मागच्या अंगणात सिमेंटची छोटी भट्टी असे आणि लोक संध्याकाळी कचरा तिच्यात जाळत. १ ऑक्टोबर १९५७ पासून त्या सर्व भट्ट्यांवर बंदी आली. आजचे नियम तेव्हा असते तरी त्या बंदीतून एका पाउंडाचेही क्रेडिट निघाले नसते, कारण बंद करणे हीच सक्ती होती. रुग्णालयांच्या भट्ट्यांचे तेच झाले. १९९७चे कडक नियम आले तेव्हा देशात अशा सुमारे २,४०० भट्ट्या होत्या, त्या पुढच्या दीड दशकात शंभराच्या खाली आल्या. पण नियमाच्या धाकाने बंद केलेल्या भट्टीचे वरकड ते काय उरणार? त्यामुळे कुणी विक्रेता “रुग्णालयाच्या भट्टीचे क्रेडिट आहे” म्हणून सांगू लागला, तर माझा पहिला प्रश्न बंद केल्याची तारीख आणि नियम लागू झाल्याची तारीख यांचा असतो.

मोजणी कशी होते हेही पाहण्यासारखे आहे, कारण भाऊच्या मनात जो समज होता, की जितकी घाणेरडी भट्टी तितके जास्त पैसे, तो इथे मोडतो. परवान्यावर किती सोडण्याची मुभा होती हे कुणी विचारत नाही. मागील दोन वर्षांत प्रत्यक्ष किती सोडले त्याची सरासरी धरतात. त्यावर साउथ कोस्टमध्ये आणखी एक कात्री लागते. त्या भट्टीला आजची उत्तम यंत्रणा बसवली असती तर तिने किती सोडले असते, तेवढेच क्रेडिट मिळते. समजा एक भट्टी दिवसाला ३०० पाउंड नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती आणि उत्तम यंत्रणेने तो आकडा १०० वर आला असता. मालकाला प्रमाणपत्र १०० पाउंडांचे मिळेल. उरलेले २०० पाउंड हवेला परत, त्याचे कुणालाही काही मिळायचे नाही. पुढे ते १०० पाउंड विकत घेणाऱ्याला १.२ च्या प्रमाणाने जेमतेम ८३ पाउंडांचे नवे धुराडे उभारता येईल. म्हणजे ३०० गेले आणि ८३ आले. या व्यवस्थेला ‘प्रदूषणाचा परवाना विकणे’ म्हणून हिणवणाऱ्या मित्रांना मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवतो. शेजारच्या सॅन वाकीन खोऱ्यातील मंडळ मात्र एवढे कडक नाही. तिथे साधारणपणे प्रत्यक्ष कपातीतून १० टक्के हवेसाठी कापून घेतात आणि बाकीचे जमा करतात. एकाच राज्यात, डोंगराच्या दोन बाजूंना, एकाच नावाच्या मालाच्या दोन प्रती आहेत हे खरेदी करणाऱ्याने विसरू नये.

मापेसुद्धा वेगळी आहेत. साउथ कोस्टचे प्रमाणपत्र दिवसाला किती पाउंड असे लिहितात, सॅन वाकीनचे तिमाहीला किती पाउंड आणि सॅन फ्रान्सिस्कोकडचे वर्षाला किती टन. सॅन वाकीनचा तिमाही हिशोब प्रथम पाहणाऱ्याला विचित्र वाटतो, पण ते खोरे टोमॅटो आणि बदामाचे आहे, तिथले कारखाने हंगामी आहेत, आणि ऑगस्टमधला धूर जानेवारीतल्या कपातीने भरून निघत नाही. त्या मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मला विशेष आवडतो. सुरुवातीचे अक्षर खोऱ्याचा उत्तर, मध्य की दक्षिण भाग ते सांगते आणि शेवटचा अंक प्रदूषक सांगतो. शेवटी २ असेल तर नायट्रोजन ऑक्साइड. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक वाचायची सवय असलेल्या माणसाला तो चटकन लागतो. मालकांची यादीही सर्वांना पाहायला खुली असते, आणि पारदर्शकतेचे पूर्ण गुण मी या मालाला देतो.

कागदावर काय असते ते झाले. काय नसते ते मला एका भट्टीत उभे राहिल्यावर कळले.

या भागात शहराचा कचरा जाळून वीज करणाऱ्या दोन भट्ट्या होत्या. कॉमर्स या गावातली १९८७ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये बंद पडली, आणि लाँग बीच बंदरातली १९८८ मध्ये सुरू होऊन २०२४च्या आरंभी थांबली. बंद होण्याआधी त्यांपैकी एक मी आतून पाहिली आहे. कचऱ्याचा खड्डा चार मजली विहिरीसारखा होता आणि वर काचेच्या खोलीत बसलेला माणूस क्रेनचा पंजा खाली सोडून गाद्या, फांद्या, पिशव्या उचलून पुन्हा तिथेच आपटत होता. ओले आणि कोरडे एकसारखे मिसळावे, ज्वाला खालीवर होऊ नये म्हणून. शेजारच्या खोलीत पडद्यावर आकडे चालू होते: नायट्रोजन ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, धुराची दाटी. ओल्या कचऱ्याचा एक घास आत गेला आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा टुणकन वर उडाला. पारा आणि डायॉक्सिन कुठे दिसतात, असे मी विचारले. ते पडद्यावर नसतात, ठरलेल्या दिवशी धुराड्यावर चढून नमुना घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात, असे उत्तर मिळाले.

या दोन पदार्थांचे क्रेडिट कुठेच मिळत नाही, कारण ऑफसेटची, म्हणजे नव्या धुराची भरपाई दुसरीकडच्या कपातीने करण्याची, पद्धत ओझोन, धूळकण अशा मानक ठरलेल्या मोजक्या प्रदूषकांपुरती आहे. विषारी पदार्थांसाठी वेगळा कायदा, वेगळे नियम. तिथे देवघेव नाही. आणि कचराभट्टीला लोक ज्याच्यासाठी भितात ते तर हेच पदार्थ! देशभरातल्या मोठ्या कचराभट्ट्यांचा १९९० ते २००५ या काळाचा संघीय संस्थेचा हिशोब मी वारंवार उघडून पाहतो. डायॉक्सिन वर्षाला ४,४०० ग्रॅमवरून १५ ग्रॅमवर आले, पारा ५७ टनांवरून २.३ टनांवर, धूळकण १८,६०० टनांवरून ७८० टनांवर. नायट्रोजन ऑक्साइड मात्र ६४,९०० टनांवरून ४९,५०० टनांपर्यंतच उतरले, म्हणजे घट केवळ चौथ्या हिश्शाएवढी. जे विष होते ते सक्तीच्या नियमांनी, कुणालाही क्रेडिट न देता, जवळजवळ संपवले. आणि जे फारसे कमी झाले नव्हते त्याच्याच पोटातून भट्टी बंद पडल्यावर विकाऊ माल निघतो. ही गोष्ट कळल्यापासून “भट्टी विझली, विष गेले, म्हणून क्रेडिट” असे कुणी म्हणाले की मी त्याला थांबवतो. विष त्याआधीच गेलेले असते. क्रेडिट मिळते ते उरलेल्या साध्यासुध्या धुराचे. कॉमर्सच्या भट्टीत तर नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी आगीत अमोनिया फवारण्याची सोय पूर्वीपासून होती, त्यामुळे अशा भट्टीच्या मागे उरणारी रक्कम लोकांना वाटते त्यापेक्षा लहान असते.

भट्टी बदलली, पण कशाने बदलली? हा प्रश्न प्रमाणपत्र विचारत नाही, आणि माझ्या मते हा या मालातला सर्वांत मोठा दोष आहे. भट्टी बंद झाली म्हणून गाव कचरा टाकायचे थांबत नाही. तो ट्रकमध्ये भरून दूरच्या खड्ड्यात जातो. ट्रक हे फिरते प्रदूषण असल्यामुळे धुराड्यांच्या वहीत त्याची नोंद होत नाही, आणि खड्ड्यातून निघणाऱ्या मिथेनची वही तर आणखीच वेगळी असते. दुसरी वाट खताची. ती घ्यायला गेलेल्या एका अशिलाला मी जे सांगितले ते ऐकून तो खुर्चीतून उठलाच होता. ओल्या कचऱ्याचे ढीग कुजताना सेंद्रिय वाफा सोडतात, त्या वाफा ओझोन घडवतात, म्हणून सॅन वाकीनसारख्या खोऱ्यात मोठ्या खतप्रकल्पाला स्वतःलाच ऑफसेट विकत आणावे लागू शकतात. कचऱ्यापासून गॅस करून इंजिन चालवायचे म्हटले तर त्या इंजिनाच्या नायट्रोजन ऑक्साइडचा प्रश्न उभा. म्हणजे जाळणाऱ्याने थांबल्याबद्दल कमवायचे आणि कुजवणाऱ्याने सुरू करण्याबद्दल मोजायचे. नियमाच्या दृष्टीने यात विसंगती नाही, कारण हवा विचारते ते किती पाउंड एवढेच. पण नागरिकाला हे समजावताना जीभ अडखळते.

खरेदीच्या अनुभवाविषयी आता थोडे लिहितो. बाजार दलालांचा आहे. तयार भावफलक नसतो. दलाल यादी पाठवतो, आपण बोली लावतो, आठवडे जातात. भाव प्रदूषकागणिक इतके वेगळे असतात की नवख्याचा विश्वास बसत नाही. सूक्ष्म धूळकणांचे, म्हणजे पीएम१० चे क्रेडिट २००८च्या सुमारास दिवसाच्या एका पाउंडाला लाख डॉलरच्या पुढे गेले होते, कारण विकायला कुणी नव्हते आणि वीजकेंद्रांना ते हवेच होते. सेंद्रिय वाफांचे क्रेडिट त्या मानाने किरकोळ किमतीत मिळत असे. माझी स्वतःची फजिती एका किनाऱ्याजवळच्या अशिलाच्या कामात झाली. दलालाच्या पत्रात ‘साउथ कोस्ट, नायट्रोजन ऑक्साइड’ एवढेच होते, भाव बरा होता, आणि मी पट्टा न तपासता अनामत भरायला सांगितले. प्रमाणपत्राची प्रत आली तेव्हा ते आतल्या पट्ट्याचे निघाले. अशिलाच्या जागी त्याची किंमत शून्य. तीन आठवडे पत्रव्यवहार केल्यावर अनामत परत आली, तीही ‘प्रक्रिया खर्च’ कापून. चूक माझीही होती, हे मान्य करतो, पण जो दलाल रोज हाच धंदा करतो त्याने पट्टा लिहू नये याला मी विसर म्हणणार नाही. तेव्हापासून प्रमाणपत्राची दोन्ही बाजूंची प्रत पाहिल्याशिवाय मी आकड्यांवर बोलत नाही.

विश्वासार्हतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. खासगी प्रमाणपत्रांशिवाय साउथ कोस्ट मंडळाचा स्वतःचाही एक साठा असतो. ज्यांनी गाशा गुंडाळला आणि क्रेडिट मागितलेच नाही अशा धंद्यांची कपात त्यात जमा होते, आणि रुग्णालये, सांडपाणी केंद्रे अशा आवश्यक सेवांना तो साठा दिला जातो. मंडळाने तो वीजकेंद्रांनाही खुला करायचे ठरवले तेव्हा पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. २००८ मध्ये न्यायालयाने मंडळाचे नियम रद्द ठरवले, आणि २००९ हे जवळजवळ सगळे वर्ष हजाराहून अधिक परवाने अडकून राहिले. शेवटी राज्याच्या विधिमंडळाला कायदा करून वाट काढावी लागली. ते वर्ष मी अनुभवले नाही, पण माझे वरिष्ठ आजही त्याचा उल्लेख ‘तो दुष्काळ’ असा करतात. पुढे २०२० मध्ये राज्याच्या हवा मंडळाने सॅन वाकीनच्या वह्यांची तपासणी केली, तेव्हाही सॅन वाकीनच्या मंडळाने आपला ताळेबंद जुळवताना जमेस धरलेल्या अशाच बेवारस कपातींवर बोट ठेवले गेले. जुन्या बंद पडलेल्या धुराड्यांचे कागद तीस वर्षांनी दाखवा म्हटले की अडचण होते. गावाकडे फेरफाराचे जुने कागद मागितल्यावर तलाठ्याची होते तशीच. खासगी प्रमाणपत्र या तुलनेत बरेच भक्कम असते, कारण त्यामागे एक अर्ज, एक अभियंता आणि एक तारीख असते. सॅन वाकीनमध्ये तो अर्ज कपात झाल्यापासून १८० दिवसांत करावा लागतो. उशीर झाला की गेले.

मग या मालाला पाचपैकी किती गुण द्यावेत? हिशोबाच्या काटेकोरपणाला मी चार देतो आणि ज्यांच्या दारात धुराडे होते त्यांच्या दृष्टीने दोन. क्रेडिट एका गावात जन्मते आणि दुसऱ्या गावात खर्च होते. सॅन वाकीनमध्ये १५ मैलांपलीकडून आणलेल्या क्रेडिटाला दीडपट मोजावे लागते, ही मला या सगळ्या नियमांतली सर्वांत शहाणी तरतूद वाटते, कारण त्यात अंतराला किंमत आहे. पण दीडपट मोजूनही नवे धुराडे ज्यांच्या डोक्यावर उभे राहते त्यांना दूरच्या गावातल्या विझलेल्या भट्टीचे सुतक ना सोयर. लॉस एंजेलिसच्या दक्षिण मध्य भागात ऐंशीच्या दशकात ‘लान्सर’ नावाची मोठी कचराभट्टी येऊ घातली होती. तिथल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय, वस्तीतल्या बायकांनी पुढे होऊन विरोध केला आणि १९८७ मध्ये महापौर टॉम ब्रॅडली यांनी तो प्रकल्प सोडून दिला. न उभारलेल्या भट्टीचेही क्रेडिट मिळत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

आता भाऊचा मूळ प्रश्न. भारताने या पद्धतीतला एक शब्द घेतला आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये आला, त्यात महाराष्ट्राची पुणे, मुंबई, नागपूर, चंद्रपूर धरून १९ शहरे आहेत आणि त्यांना ‘नॉन-अटेनमेंट’, म्हणजे हवेच्या मानकाला न उतरणारी, शहरे असेच म्हणतात. अमेरिकेत हा शिक्का बसला की नव्या मोठ्या धुराड्याला ऑफसेट आणावे लागते. आपल्याकडे शिक्का बसला की शहराला आराखडा करावा लागतो आणि निधी मिळतो. भरपाईची अट नाही, म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून भट्टी बंद करण्याचे पैसे नाहीत.

कचरा आणि क्रेडिट यांची गाठ आपल्याकडे पडली ती कार्बनच्या वाटेने, आणि नेमकी उलटी. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्राने दिवसाला ३०० टन कचरा जाळणारी भट्टी उभारली होती. आपला कचरा ओला, मातीचा, त्याला जळण्याचा जोरच नव्हता, आणि ती जेमतेम तीन आठवडे चालली. त्यानंतर ओखल्याची १६ मेगावॉटची भट्टी आली. २००७ मध्ये, ती उभी राहण्याच्या कितीतरी आधी, क्योटो कराराच्या, कार्बन क्रेडिट देणाऱ्या, स्वच्छ विकास यंत्रणेत तिची नोंद झाली. युक्तिवाद असा होता, की हा कचरा खड्ड्यात कुजला असता, त्यातून मिथेन निघाला असता, तेव्हा मिथेनच्या एका टनाला कार्बन डायऑक्साइडचे २१ टन धरत असत, म्हणून जाळणे हीच कपात. म्हणजे कॅलिफोर्नियात भट्टी विझवल्याचे क्रेडिट आणि दिल्लीत पेटवल्याचे. २०१२ पासून ती चालू झाली. सुखदेव विहारचे रहिवासी राखेच्या आणि धुराच्या तक्रारी घेऊन न्यायालयात आणि मग हरित लवादाकडे गेले, आणि २०१७ मध्ये लवादाने भट्टीला चालू ठेवण्याची मुभा देऊन २५ लाख रुपये भरपाई लावली. टनांच्या त्या वहीत शेजाऱ्याच्या गच्चीवरच्या राखेला रकाना नव्हता, आणि या बाबतीत दोन्ही व्यवस्था सारख्याच अपुऱ्या आहेत.

अनुकरण करायचेच असेल तर मी सुरतेकडे पाहीन. तिथे २०१९ पासून कारखान्यांच्या धूळकणांचा बाजार चालू आहे, जगातला त्या प्रकारचा पहिला. प्रत्येक धुराड्याला सतत मोजणारे यंत्र, सगळ्यांच्या डोक्यावर मिळून एक मर्यादा, आणि तिच्या आत देवघेव. बाजारात घेतलेल्या कारखान्यांची धूळ बाहेर ठेवलेल्यांच्या तुलनेत २० ते ३० टक्के कमी झाली. तिथे आधी मीटर आले, मग बाजार.

हे सगळे मी भाऊला लिहून पाठवले आणि सुचवले, की कुठल्याही प्रकल्पाच्या फाइलीत पहिले पान मागील दोन वर्षांच्या प्रत्यक्ष मापनाचे असावे, बाकीचे नंतर पाहू. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले: “दादा, पण आपल्याकडे कचरा जळतो तो रस्त्याच्या कडेला आणि डेपोवर. धुराडेच नाही, तर मीटर कुठे लावू?” प्रश्न बिनतोड होता. सॅन वाकीनमध्ये ऐंशीच्या दशकात जैवइंधनाची वीजकेंद्रे आली तेव्हा त्यांनी शेतात उघड्यावर जाळल्या जाणाऱ्या बदामाच्या आणि द्राक्षांच्या छाटण्या आपल्या बॉयलरमध्ये नेल्या आणि त्या न जळलेल्या ढिगांचा धूर ऑफसेट म्हणून धरून घेतला. तिथेही धुराडे नव्हते, पण शेतकऱ्याला जाळण्यासाठी परवाना काढावा लागत असे आणि त्यावर किती एकर, कोणते पीक, कोणता दिवस हे लिहिलेले असे. भाऊ आता प्रभागनिहाय आग विझवल्याच्या नोंदी अग्निशमन दलाकडे मागणार आहे.